फरशीवरचं पाणी

मी एक फडकं. फरशी पुसायचं. नाक मुरडू नका! एकेकाळी मी चांगला जाडजूड, निळ्या काठाचा टॉवेल होतो. पुढे विरलो, तेव्हा मालकीणबाईंनी कात्रीने माझे दोन तुकडे केले. मऊ अर्धा उकळून, वाळवून येणाऱ्या बाळासाठी दवाखान्याच्या पिशवीत गेला. भोकं पडलेला अर्धा, म्हणजे मी, आलो ओट्याखाली. भावाचं नशीब बघा आणि माझं बघा!

आमचे मालक नळदुरुस्तीवाले. जगाचे नळ दुरुस्त करतात आणि घरचा मात्र कायम टपटपतो. त्याच्याखाली बसून राहणं हीच माझी नोकरी.

मालकीणबाईंचे दिवस भरत आले होते. पोटात दुखलं म्हणून एकदा दोघं धावतपळत दवाखान्यात गेले आणि हात हलवत परत आले.

"सिस्टर म्हणाल्या, या खोट्या कळा," त्या आईला फोनवर सांगत होत्या. "चाललं, कूस बदलली की थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, जवळजवळ येतात आणि वाढतच जातात. अंगावरून पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका, तडक या म्हणाल्या. पण आई, आता मी उगाच जायची नाही. सगळे हसले गं मला!"

ऐकून माझा जीव टांगणीला लागला. खऱ्या वेळेलाही ही लाजून गप्प बसली तर?

मग एका सकाळी मालकीणबाईंना साफसफाईचा भलताच उत्साह चढला. पोट खाली उतरलेलं, एक हात कमरेवर, तरी डबे घासणं चालूच. "कंबर नुसती भरून आलीय," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात ओट्यापुढे पाणीच पाणी!

"बघा, तुमचा नळ!" त्या कडाडल्या.

मालक पान्हा घेऊन ओट्याखाली शिरले. मला पाण्यावर टाकलं आणि मी चरकलो. पाणी कोमट होतं! नळाचं पाणी मी जन्मभर पीत आलोय, ते असं नसतं. बोंब मारावीशी वाटली, पण फडक्याला विचारतो कोण?

"नळ ठणठणीत कोरडा आहे," ओट्याखालून आवाज आला. "कालच वॉशर बदललाय."

"मग हे काय?" म्हणत मालकीणबाई दाराकडे सरकल्या. पाणीही त्यांच्यामागून दाराकडे निघालं. त्या थबकल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ही गळती तुमच्या हातची नाही."

मालक असे उठले की डोकं ओट्यावर दाणकन आपटलं. पिशवी उचलली, बायकोला धरलं आणि निघाले. दुसऱ्या हातात पान्हा तसाच!

मी दिवसभर फरशीवर पडून. काळजीने अर्धा झालो. संध्याकाळी मालक एकटेच आले, माझ्याशेजारी फतकल मारून बसले आणि फोनवर हसत-रडत म्हणाले, "मुलगी! दोघी छान आहेत. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले." मग त्यांनी मला स्वतःच्या हाताने धुतलं. पहिल्यांदाच!

आता माझ्या पार चिंध्या झाल्यात. जाता जाता एकच मागणं. दिवस भरलेल्या बाईच्या पायाशी पाणी दिसलं, तर नळाकडे नंतर बघा, आधी तिच्याकडे बघा. आणि तिला हसू नका हो, दहादा परत यावं लागलं तरी.

दोरीवर भाऊ शेजारीच वाळत असतो. भारी मिजास त्याची! "तिला पहिल्यांदा कुशीत मी घेतलं," म्हणतो.

मी म्हणतो, "घेतलं असशील रे. पण ती येतेय, हे आधी मला कळलं."