गुरुसिद्धप्पाच्या नावाने भोगलेली कैद

दाक्षायणीने तो आकडा वाचला होता. वाचला नव्हता असे तिला पुढे कधीच म्हणता आले नाही. तुरुंगाच्या नोंदवहीची जी नक्कल तिने १९७२ साली खेटे घालून मिळवली, तिच्या मागच्या पानावर कैद्याची उंची लिहिलेली होती : पाच फूट तीन इंच. आणि तिचे वडील गुरुसिद्धप्पा शुक्रवार पेठेतल्या आपल्या दुकानाच्या दारातून आजही मान वाकवून आत येत.

दाक्षायणी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगाचे निरीक्षण हवे तसे आले नाही म्हणून एखादीने आकडा खोडला, तर तिच्याकडून सगळे पान पुन्हा लिहून घ्यायची. पण त्या दिवशी तिने मनाशी म्हटले, कारकुनाची चूक असेल. पुढचे पान तेवढे अर्जाला जोडले आणि मागचे कपाटात ठेवून दिले.

पुढच्या पानावर सगळे जुळत होते. नाव, वडिलांचे नाव, पेठ, ऑक्टोबर बेचाळीस ते जून त्रेचाळीस अशी कैद. स्वातंत्र्यसैनिकांना सरकार पेन्शन देणार हे कळल्यावर पेठेतल्या लोकांनीच लकडा लावला होता. सही करताना अप्पा एवढेच म्हणाले होते, "कशाला अक्का हे?" लेकीला लाडाने ते अक्काच म्हणायचे. तिला तो त्यांचा विनय वाटला. पेन्शन मंजूर झाली, सत्कार झाला, आणि तीन वर्षे सुखाने गेली.

मग पंचाहत्तर साली कोर्टाचे समन्स आले. मोहोळच्या नागव्वा नावाच्या विधवेने सरकारवर आणि गुरुसिद्धप्पांवर दावा लावला होता. तिचे म्हणणे सरळ होते : गुरुसिद्धप्पा म्हणून जो माणूस तुरुंगात राहिला, तो माझा नवरा तिप्पण्णा; पेन्शन त्याची.

दाक्षायणीने कपाटातून मागचे पान काढले आणि अप्पांपुढे धरले.

"तुमची उंची किती, अप्पा?"

अप्पांनी पानाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "वॉरंट माझ्याच नावाचं होतं. पत्रकं मी वाटलेली. तुझी आई दिवस भरलेली, पहिलटकरीण. तिप्पण्णा तेव्हा मिलमध्ये रंगखात्यात होता, रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. फौजदार आला. गुरुसिद्धप्पा कोण म्हणाला. मी आत होतो. हा उठला आणि म्हणाला, मीच की."

"आणि तुम्ही?"

"मी आतच राहिलो. चार दिवसांनी तू झालीस."

"तिथं त्यांनी खरं नाव सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर मला धरलं असतं. सोबतचे कैदीसुद्धा त्याला माझ्याच नावानं हाक मारायचे. आता कुणाला विचारलंस तरी गुरुसिद्धप्पा होता असंच सांगतील."

"मग तुम्ही अर्जावर सही कशी केलीत, अप्पा?"

"तुझ्या अर्जाच्या आधी तो आला होता की. त्याचा अर्ज परत आलेला, वहीत नाव नाही म्हणून. म्हणाला, काय झालं ते तू लिहून दे, चळवळीतल्या सोबत्याचा दाखला चालतो. मी म्हटलं, देतो, सोमवारी ये. सोमवारी पाहुणे आले. मग म्हटलं, अमावस्या होऊ दे. तेवढ्यात तू कागद घेऊन आलीस. लोक हार घेऊन आले. मला तोंडच उघडता आलं नाही बघ." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखे, "पुढच्या वर्षी तो गेला."

दाक्षायणीला रागवायचे होते. पण रागवायचे कोणत्या तोंडाने? आकडा तिनेही वाचला होता.

वकील मुकुंदरावांना यात काहीच अडचण दिसली नाही. "बाई, कोर्ट कागद बघतं. कागदावर नाव तुमच्या वडिलांचं आहे. मूळ वही आता सापडत नाही. मागचं पान कुणी पाहिलेलं नाही, आणि आपण होऊन दाखवायला आपण काही खुळे नाही."

"ते माझ्याकडे आहे."

"असू दे की. घरात पुष्कळ कागद असतात."

दोन वर्षांनी साक्षीची तारीख लागली, तेव्हा दाक्षायणी अप्पांना घेऊन कोर्टात गेली. पान पिशवीत होते. का घेतले ते तिला नीट सांगता आले नसते. अप्पा वकिलांपाशी बसले आणि ती बाहेर आली. लिंबाच्या सावलीत एक म्हातारी फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडून बसली होती.

"गुरुसिद्धप्पाची लेक न्हवं तू? बस की. भाकरी खातीस?"

दाक्षायणी अवघडून बसली.

"दोन वर्सं मोहोळास्नं येतीया. चपलांचे दोन जोड झिजले. वकील म्हनतो, धीर धर. त्याचं काय जातंय, त्याच्या चपला न्हाईत झिजत!" नागव्वा तोंड भरून हसली.

"तुम्हाला आमचा राग येत असेल."

"येतुया की. लई येतुया. पर मालक जाताना म्हनले, गुरुसिद्धाला शिव्या घालू नगंस. मानूस सुस्त हाय, खोटा न्हाय. आज ना उद्या दील सही." तिने भाकरीचा तुकडा मोडून दाक्षायणीच्या हातावर ठेवला. "त्यांला लई भरवसा. मला न्हवता, म्हनून कोर्टात आले."

दाक्षायणीने तो तुकडा खाल्ला. मग ती उठली आणि ते पान तिने नागव्वाच्या वकिलाच्या हातात दिले.

अप्पा पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा वकिलाने आधी उंचीच विचारली. अप्पांनी उंची सांगितली, आणि मग कुणी न विचारता सगळेच सांगून टाकले. तिप्पण्णा पायरीवरून उठला तेही, सोमवारही, अमावस्याही. मुकुंदरावांनी कपाळाला हात लावला. दाक्षायणीला मात्र हलके वाटले. आता नागव्वाला तिचे मिळेल, अशी तिची खात्री झाली.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. इंग्रजीतला तो निकाल संपला तेव्हा नागव्वा वकिलाला सोडून दाक्षायणीकडेच आली. "हा काय बोलतो मला कळंना. तू शाळंत शिकवतीस, नीट सांग."

दाक्षायणीने सांगितले. तुरुंगातला कैदी गुरुसिद्धप्पा नव्हता, हे कोर्टाला पटले. त्यांची पेन्शन बंद.

"आन मालकांचं?"

"तो कैदी म्हणजे तिप्पण्णाच, हे सिद्ध झालं नाही. त्यांची उंची सांगणारा दुसरा एकही कागद नाही. चळवळीतल्या सोबत्याची साक्ष लागते."

"ह्ये तुजं अप्पा काय हितं हुबं हायत की! त्यांनी सांगिटलं न्हवं का समद्यांम्होरं?"

"सांगितलं. पण बहात्तर साली त्यांनीच शपथेवर लिहून दिलंय, की तो कैदी मी. एकदा खोटी शपथ घेतलेल्या माणसाची दुसरी शपथ कोर्ट धरत नाही."

नागव्वाने विचारले, "तवा दिली असती सही, तर चालली असती?"

"हो. तेवढीच पुरली असती."

अप्पा दोन पावलांवर होते. त्यांनी हे ऐकले. "वहिनी," ते म्हणाले, "अपील करू. मी पुन्हा लिहून देतो. आजच देतो."

"आता कशाला?" नागव्वाच्या आवाजात राग नव्हता. त्याचेच दाक्षायणीला भय वाटले. "तुमी मला खरं पाडलंसा. मी म्हनत हुते, ह्यो मानूस काय सही देनार न्हाई. मालक म्हनायचे, दील. मला वाटत हुतं, त्यांचंच खरं व्हावं."

तिने पदर डोक्यावर ओढला आणि मोहोळची गाडी गाठायला निघाली. अप्पा तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. दाक्षायणी जवळ आली तेव्हा ते खिशातले पेन हातात घेऊन होते.

"तिच्या वकिलाला विचार," ते म्हणाले, "कुठं सही करायची ते."

विचारण्यासारखे काही उरले नव्हते. तरी दाक्षायणी विचारायला गेली.