चुंबकातलं पातळ मीठ

मी पातळ मीठ बोलतोय. दचकू नका. स्वयंपाकघरातलं मीठ वितळवायला भट्टी लागते, पण मी साध्या खोलीच्या उबेतही मधासारखा पातळ असतो. मला गोठवायचं तर चांगलं गार करावं लागतं. अंगात लोखंडाचा अंश असल्यामुळे चुंबक दिसलं की मी आपला तिकडे झुकतो.

मला जन्म दिला एका संशोधक मुलीने. बोटाएवढ्या काचेच्या नळीत भरून तिने मला जपलं. तिच्या आईचा फोन आला की आई हटकून चिडवायची, "इतकी शिकलीस आणि शेवटी मीठच करत बसलीस होय गं?"

"साधं नाहीये आई ते. बघशील तू!" ती हसत म्हणायची.

तिचं म्हणणं असं, की गार करायच्या यंत्रातल्या मोठ्या चुंबकात ठेवलं तर मी नेहमीपेक्षा उशिरा गोठेन. तिच्या सरांना ते पटत नव्हतं. "फरक दाखव, नाहीतर विषय बंद," ते म्हणाले. "मग तुला इथे ठेवणं माझ्याही हातात नाही."

आता त्या प्रयोगशाळेतली एक रीत सांगतो. गार झालेला द्रव गोठायला टंगळमंगळ करू लागला, की नळीला नखाने टिचकी मारायची. तेवढ्या धक्क्याने तो चटकन गोठतो. सगळेच मारायचे, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ही तर लाडाने मारायची. "चल रे राजा, आटप!"

तिथेच घात झाला. चुंबक मला आतून धरून ठेवायचं. माझे कण आपापल्या जागी बसूच शकत नसत. नेहमीचा गारवा उलटून गेला असता, तरी मी पातळ राहिलो असतो. पण तो गारवा आला रे आला, की तिचं बोट सवयीने पुढे यायचं आणि मी गोठून जायचो. चुंबकात तेच, चुंबकाबाहेर तेच. थांब गं, जरा थांब, असं मी जीव तोडून म्हणायचो. काचेबाहेर आवाज कसा जाणार?

"यात काही नाही गं. सोड आता," सर म्हणाले. तिने आईला फोन लावला. "आई, मी घरी येतेय. माझंच चुकलं."

"जेवलीस का?" आईने एवढंच विचारलं. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

ती गेली. मला चुंबकातून काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढे कुणीतरी आपल्या कामासाठी तेच यंत्र गार केलं. माझा नेहमीचा गारवा आला, मागे पडला, थंडी वाढतच गेली. मी गोठलो नाही. किती वेळ तसाच पातळ होतो! चुंबकाबाहेर इतक्या थंडीत मी कधीच तग धरला नसता. बघायला ती नव्हती, आणि बाकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता मी फडताळात धूळ खात पडलोय. मला बाहेर काढू नका, माझं काही अडलेलं नाही. पण ती कुठे भेटलीच, तर तिला तेवढं सांगा. म्हणावं, पोरी, तुझंच बरोबर होतं.