दोन बोटं जास्त

आर्णीजवळ अरुणावती नदीला चिंचेचा डोह आहे. तिथे रविवारी मासे धरायला गरी टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना अलीकडे एका कोड्याने पछाडलं होतं. त्यांच्या डोहात मरळ मासे वाढले होते, चांगले गुबगुबीत झाले होते. वरच्या अंगाला जो दुसरा डोह आहे तिथल्या मंडळींनीही हेच नियम लावून घेतले होते, पण तिथे मात्र सगळं जेमतेमच. असं का व्हावं?

नियम दोन्हीकडे अगदी सारखे. पावसाळ्यात मासा अंड्यांवर असतो, तेव्हा गरी घरात. पिल्लांच्या थव्याची राखण करणाऱ्या मरळीला हात लावायचा नाही. एका माणसाने एकच मासा न्यायचा. आणि बारा इंचांहून लहान असेल तर मुकाट्याने पाण्यात सोडायचा, म्हणजे एकदा तरी त्याची वीण होते. हे सरकारने सांगितलेलं नव्हतं. मध्यंतरी दिवस दिवस बसून फक्त डासांचं पोट भरायला लागलं, तेव्हा मंडळींना आपोआप अक्कल आली आणि त्यांनीच हे ठरवलं.

देवराव कपाशी-तुरीचे शेतकरी. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे पाणी खोल आहे. मोटारी दुरुस्त करणारा धम्मरत्न म्हणायचा, पाण्यात बाभळीचं खोड पडलंय, त्याच्या आडोशाने पिल्लं वाचतात. दोघे यावर तावातावाने भांडायचे आणि त्या आवाजाने उरलेसुरले मासेही पळवून लावायचे.

सत्यशीलाला दोन्ही उत्तरं पटत नव्हती. आर्णीत तिचं शिलाईचं दुकान. एखादं पोलकं काखेत का काचतं, ते सापडेपर्यंत जिला घास गोड लागत नाही, अशी ती बाई. गरी टाकायला ती बापाकडून शिकली होती. बाईमाणूस काठावर गरी घेऊन बसतं म्हणून गावाने आधी तोंडं वाकडी केली, मग सवय करून घेतली. या मंडळींत आल्यावर मासा मोजायच्या बांबूच्या काठ्या तिनेच करून दिल्या होत्या. एका काठीवर खूण केली, कोरली, आणि तिच्यावरून बाकीच्यांच्या उतरवल्या. मापाचं काम दुसरं कोण करणार?

या रविवारी मात्र तिला कोड्यापेक्षा मासा हवा होता. तिची आई मथुराबाई पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आली होती आणि ताट नुसतं पुढे सरकवत होती. भात नको, वरण नको. काल तिने आपण होऊन एक गोष्ट मागितली होती. "तुह्या बापानं आनलेल्या मरळीचा रस्सा आठवते मले," ती म्हणाली होती. बाजारात सत्यशीलाला धरणातला रोहू तेवढा मिळाला. त्याचा रस्सा आईने चमच्याने ढवळून ठेवून दिला. आई दिवसेंदिवस हलकी होत चालली होती, आणि सत्यशीलाला त्याची भीती वाटत होती.

ऊन कलायच्या सुमारास गरीला हिसका बसला. मरळच! तिने ती ओल्या पोत्यावर घेतली, काठी लावली. शेपूट खुणेपर्यंत पोचेना. जेमतेम अर्धं बोट कमी.

"काय वो ताई, बसते काय मापात?" पलीकडून देवरावांनी विचारलं.

"पाहून राह्यली ना भाऊ," ती म्हणाली.

गळ्यातला टेप ती दुकान बंद असलं तरी काढत नसे. उगीच आशेने तिने तो माशाला लावला. टेप म्हणाला, बारापेक्षा चांगला इंचभर जास्त. काठी म्हणते लहान, टेप म्हणतो मोठा. टेप ताणला गेला असेल काय? तिने टेप काठीवर धरला, आणि तिथेच थबकली. खूण बाराला नव्हती. दोन बोटं पुढे होती.

काठ्या केल्या तेव्हा शाळा सुरू व्हायचे दिवस होते. दुकानात गणवेशांचा ढीग. वाढत्या अंगाच्या पोरांचे कपडे. माप घ्यायचं आणि खडूची रेघ दोन बोटं पुढे ओढायची, दिवसभर हेच. हाताने इथेही तेच केलं होतं.

म्हणजे ना खोल पाणी, ना बाभळीचं खोड. वरच्या मंडळींचं माप नेमकं बाराचं, आणि या डोहातला प्रत्येक मासा दोन बोटं जास्त वाढेपर्यंत वाचत आला होता. उत्तर सापडलं म्हणून तिला हसू आलं, आणि पोत्यावरच्या माशाकडे पाहून ते तिथल्या तिथे विरलं. खरं सांगितलं तर हा मासा आज नियमाने तिचा होता. पण उद्या सगळ्या काठ्यांवरची खूण मागे येणार होती, आणि मग इथेही वरच्या डोहासारखं जेमतेमच होणार होतं.

देवराव जवळ आले. काठी आणि मासा पाहिला. "बुढीसाठी ने ना वो. येवढ्यानं काय होते? कोनी काई म्हननार नाई."

सत्यशीलाने मरळ दोन्ही हातांनी उचलली. "नाई बसत मापात, भाऊ," असं म्हणून तिने ती पाण्यात सोडली. नंतर बराच वेळ तिला स्वतःचाच राग येत राहिला. गरीला पुन्हा काही लागलं नाही.

घरी आईच्या उशाशी बसून तिने सगळं सांगितलं. काठी, खडू, दोन बोटं. मथुराबाईनेच तिला शिलाई शिकवली होती. ती डोळे मिटून ऐकत होती, मग पोटावर हात दाबून हसायला लागली.

"टाके दुखते वो, हसवू नोको," ती म्हणाली. "मंग त्यायले सांगशीन का?"

"सांगीन. पन थोडे दिवस जाऊ दे."

"आन माहा रस्सा?"

सत्यशीलाने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "पुढच्या साली माय. तवा थो मापात बसन."

मथुराबाई कोपरावर भार देऊन हळूहळू उठून बसली.

"वाढ मंग वरन-भात," ती म्हणाली. "पुढच्या सालापावतर थांबनं आलं आता मले."