कंपनीचा माल

सासऱ्यांनी कॉम्प्युटर घेतल्याची बातमी थोरल्या जावयाला बायकोकडून कळली, आणि तीही कपड्यांच्या घड्या घालता घालता, बोलण्याच्या ओघात. बाबांचा डेस्कटॉप काल घरी आला म्हणे, छोटीच्या नवऱ्यानं बरोबर जाऊन घेऊन दिला, एवढं सांगून ती उशीच्या अभ्र्यांकडे वळली.

थोरल्यानं हातातला चहा खाली ठेवला. मला का नाही विचारलं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण असं विचारणारा माणूस लहान दिसतो, म्हणून त्यानं नुसतं विचारलं, "कोणत्या कंपनीचा?"

ते तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्याचा चहा पार गार होईपर्यंत तसाच राहिला, हे मात्र तिनं पाहिलं.

थोरला एका छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायच्या कामावर होता. तिथं त्याला सगळे 'पक्कड' म्हणत, कारण एकदा हातात धरलेलं काम तो सोडत नसे. लग्न झाल्यापासून सासरचं जे जे म्हणून बिघडलं, ते त्यानंच नीट केलं होतं. पाण्याची मोटर, पंखे, कपडे धुण्याचं यंत्र, न्हाणीघराची कडी. काही बंद पडलं की सासूबाई आधी त्याला फोन करायच्या आणि मग बटण बंद करायच्या. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचे थोरले जावई असताना आम्हाला मिस्त्री कशाला लागतो?" या एका वाक्यावर थोरला वर्षानुवर्षं मूठभर मांस अंगावर चढवून होता.

मग छोटीचं लग्न झालं. तिचा नवरा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. बोलका, हसरा, कुणाच्याही घरात पहिल्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत जाणारा. महिनाभरात सासरे त्याला 'अरे' म्हणायला लागले. थोरल्याला मात्र अजून 'तुम्ही' आणि 'जावईबापू'. मान होता, नाही कसा? पण मानाबरोबर कुणी पाय पसरून गप्पा मारत बसत नाही.

सासरे निवृत्त मुद्रितशोधक. एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी करायची, हा त्यांचा जुना उद्योग. पट्टीनं चौकटी आखायच्या, आडवे-उभे शब्द बसवायचे, सुवाच्य अक्षरात कागद पाठवायचा. साप्ताहिकाला नवा संपादक आला आणि त्यानं कळवलं की यापुढं हातानं लिहिलेलं चालणार नाही. लॅपटॉपवरची अक्षरं सासऱ्यांना मुंग्यांसारखी दिसायची, म्हणून मोठ्या पडद्याचा डेस्कटॉप. कारण अगदी सरळ होतं. थोरल्याला खुपत होतं ते वेगळंच.

रविवारी सगळे जमले. खिडकीपाशी नव्या टेबलावर कॉम्प्युटर बसला होता आणि धाकटा जावई सासऱ्यांना काहीतरी दाखवत होता. थोरल्यानं यंत्राभोवती एक फेरी मारली, मागच्या वायरी पाहिल्या आणि म्हणाला की सुटे भाग आणून जोडून घेतला असता तर याच्या दुप्पट ताकदीचा झाला असता. भागांच्या बाजारात आपली ओळख आहे. कंपनीचा तयार माल म्हणजे निम्मे पैसे डब्यावरच्या नावाचे.

धाकटा म्हणाला की तेही खरं आहे, पण बाबांना ताकद कुठं हवी आहे? कोडी करायला बैलाचं काम नाही. बंद पडला तर कोण येईल, एवढंच आम्ही बघत होतो.

'कोण येईल' हे शब्द थोरल्याच्या काळजाला जाऊन लागले. इतकी वर्षं कोण येत होतं? सासरे मध्येच काही सांगायला लागले, आम्ही दुकानं कशी फिरलो वगैरे. पण थोरल्यानं त्यांचं बोलणं तोडलं आणि या कंपनीच्या यंत्रांचे वीजपुरवठ्याचे डबे कसे जळतात, ते ऐकवायला सुरुवात केली. खरं तर त्याला माहीत असलेला असा एकच डबा होता, तोही उंदरानं वायर कुरतडल्यामुळं जळलेला. उंदराचा उल्लेख त्यानं टाळला.

पुढं दर भेटीत तो या ना त्या वाटेनं तिथंच यायचा. छापखान्यातल्या एकाच्या मेहुण्याचा याच कंपनीचा डेस्कटॉप वर्षात भंगारात गेला. अमक्याला फोनवर कुणी दादच दिली नाही. सासरे "असं का?" म्हणायचे आणि पुन्हा पडद्यात डोकं घालायचे. यंत्र मात्र लोण्यासारखं चालत होतं. कोडी वेळेवर जात होती. संपादकानं कौतुकाचा फोन केला, तेव्हा सासऱ्यांनी तो सगळ्यांदेखत धाकट्याच्या खात्यावर जमा केला, त्याच्या पाठीवर थाप मारून. थोरल्याला आठवेना, सासऱ्यांचा हात आपल्या पाठीला कधी लागला होता.

घरी परतताना बायको म्हणाली, "कुठं दुखतंय ते सांगा तरी."

"कुठं काय? काही नाही."

"मग तोंड एवढंसं का झालंय?"

तो दोन पावलं पुढं चालू लागला.

त्यानंतरच्या रविवारी जेवणं उरकून सगळे शेजारच्या घरी नवं बाळ बघायला गेले. धाकटा कॉलेजच्या कामासाठी परगावी गेला होता. थोरला डोळा लागतोय म्हणून मागं राहिला. घर सामसूम झालं. तो उठून पाणी प्यायला गेला आणि येताना टेबलापाशी थांबला.

आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं, हेच त्यातलं वाईट. खिशातला पेचकस काढून त्यानं डब्याची बाजू उघडली. एका पेचावर कंपनीची चांदीसारखी चिकटपट्टी होती, ती टरकन फाटली. आत रॅमची पट्टी होती. तिची एक बाजू त्यानं खाचेतून जराशी वर उचलली. मोडायचं काहीच नव्हतं. उद्या यंत्र सुरू होणार नाही, सासूबाईंचा फोन येईल, आपण जाऊ, बोटानं पट्टी दाबू आणि म्हणू, कंपनीचा माल आहे, चालायचंच. बस, एवढंच. त्यानं बाजू परत लावली, पेच आवळले आणि येऊन पलंगावर पडला. मंडळी परतली तेव्हा तो खरोखरच घोरत होता, असं बायको नंतर सांगायची.

सोमवार गेला. फोन आला नाही. कामावर त्यानं खिशातला फोन इतक्यांदा चाचपला, की कुणीतरी विचारलं, पक्कड, बाई वाट बघतेय का?

मंगळवारी त्याला राहवेना. जाता जाता डोकावलो, असं म्हणत तो सासरी गेला. सासरे काळ्या पडद्यासमोर बसले होते, हात मांडीवर ठेवून. यंत्र सुरू होत नव्हतं, नुसती पीं पीं करत होतं. थोरला बाह्या सरसावत पुढं झाला.

"थांबा, थांबा," सासरे म्हणाले. "हात लावू नका. मी कंपनीत कळवलंय, त्यांची दुरुस्तीवाली बाई गुरुवारी येणार आहे. आधी आपण उघडलं तर वॉरंटी जाते म्हणे. धाकट्यानं फोनवर बजावून सांगितलंय."

थोरल्याचा पुढं झालेला हात तसाच राहिला. एका मिनिटाचं काम होतं. फक्त बोट लागायचं होतं. करायला गेलो काय, आणि झालं काय! त्यानं अडखळत विचारलं, "आणि कोडं?"

"कोडं आतच आहे," सासरे यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. संपादकाला म्हटलं हातानं लिहून देतो, पण त्यांच्याकडं आता हातचं अक्षर बघून जुळवणी करणारं माणूसच नाही. असू दे. एक आठवडा."

त्या क्षणी बोलता आलं असतं. थोरल्यानं तोंड उघडलंही. पण आतून सासूबाई चहा घेऊन आल्या, आणि उघडलेल्या तोंडाला त्यानं कप लावला.

गुरुवारी साप्ताहिक आलं. त्याच दिवशी कंपनीची बाईही यायची होती, म्हणून थोरला छापखान्यातून सुटी काढून सकाळीच हजर होता. सासऱ्यांनी अंक उघडला, शेवटून दुसरं पान काढलं. कोड्याच्या जागी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती. इतक्या वर्षांत आजारपणातही ती जागा कधी रिकामी गेली नव्हती. सासरे जाहिरात अथपासून इतिपर्यंत वाचत बसले, जणू तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका शोधत होते. मग त्यांनी अंक घडी करून बाजूला ठेवला. थोरल्याला ते बघवेना.

कंपनीची बाई वेळेवर आली. पाठीवर पिशवी, बोलणं मोजकं. तिनं यंत्र फिरवलं आणि पेचांपाशी थांबली.

"हे कुणीतरी उघडलंय," ती म्हणाली. "सील फाटलंय. पेचावर ओरखडे आहेत."

सासऱ्यांनी पेचाकडे पाहिलं. मग त्यांची नजर वर आली आणि थोरल्याच्या सदऱ्याच्या खिशावर थांबली. पेचकसाची पिवळी मूठ नेहमीसारखी बाहेर डोकावत होती. त्या घरात पेचकस खिशात घेऊन फिरणारा माणूस एकच होता.

"मीच उघडलं," सासरे म्हणाले. "धूळ साफ करायला. धक्का लागला असेल."

बाईनं मान डोलावली. पट्टी दाबून बसवली, यंत्र सुरू करून दाखवलं. पण सील फाटल्याची नोंद करावी लागेल, आणि यापुढं दुरुस्ती फुकट होणार नाही, हेही तिनं सांगितलं. सासऱ्यांनी तिचे आभार मानले आणि ते तिला दारापर्यंत सोडून आले.

परत आल्यावर ते थोरल्यासमोर बसले. सासूबाई आत होत्या.

"मी ते..." थोरल्यानं सुरुवात केली.

"कळलं मला. का केलंत, तेही कळतंय. मला फक्त एक सांगायचंय. तुम्हाला वाटतं, हा कॉम्प्युटर धाकट्यानं निवडला. त्यानं नाही निवडला. त्यानं मला काय काय विचारायचं ते सांगितलं आणि स्वतः दुकानाबाहेर उभा राहिला. दुरुस्ती केंद्र गावात आहे का, भाग मिळतात का, फोन कोण उचलतं. मी त्या केंद्रात जाऊन अख्खी सकाळ बाकावर बसलो होतो. लोक बाहेर पडताना कसली तोंडं घेऊन पडतात ते बघत. ही निवड माझी होती, जावईबापू. तुम्ही तीन महिने नावं ठेवलीत ती माझ्या मालाला."

थोरल्याची मान खाली गेली. ती वर न करताच त्यानं विचारलं, "मला का नाही विचारलंत?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी जोडून आणून दिला असतात. उत्तमच असता. पण या घरातला एकही पंखा मला अजून उघडता येत नाही. तुम्ही येता, मला बाजूला सारता, करून टाकता. उपकार आहेत तुमचे. पण या वयात एखादी गोष्ट तरी मला स्वतः जमवायची होती."

थोरल्याला राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण तोही येईना. संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा खोटं बोलले? ते कधी बोलत नाहीत." त्या एका वाक्यानं त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात कोडं पुन्हा छापून आलं. वाचकांची पत्रं आली, मागच्या अंकात कुठं गेला होतात म्हणून. सासऱ्यांनी ती धाकट्यालाही दाखवली आणि थोरल्यालाही. काय घडलं होतं ते धाकट्याच्या कानावर कधीच गेलं नाही. निदान त्यानं कळल्याचं दाखवलं नाही.

उन्हाळ्यात यंत्राचा पंखा घरघरायला लागला. या वेळी फोन थोरल्याला आला, स्वतः सासऱ्यांचा. या म्हणाले, पण उघडणार मी, तुम्ही फक्त सांगायचं.

तो गेला तेव्हा धाकटाही तिथं होता, टेबलाला टेकून काहीतरी गमतीचं सांगत. सासरे मोठ्यानं हसले आणि "अरे, पुरे कर, पेच पडेल हातातून," असं त्याला म्हणाले. थोरल्याला ते 'अरे' पुन्हा खुपलं. आता याची सवय करून घ्यायला हवी, असं त्याच्या मनात आलं. सासऱ्यांच्या हातातला पेचकस खाचेतून सारखा निसटत होता. थोरल्याची बोटं शिवशिवली. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले.

"डावीकडं फिरवा," तो म्हणाला. "घाई नाही. आणखी थोडं."