एकट्या बाईची खोली

त्या दिवशीही दुर्पताने सकाळचं पाणी भरलं, उंबऱ्याशी मशीन ओढली आणि एका हिरव्या साडीला फॉल लावायला घेतला. गोंदियाच्या बाजारात कापडाच्या दुकानांना पाठ लावून उभी असलेली ती चाळ जुनीच होती. कौलं सरकलेली, जिन्याच्या दोन पायऱ्या गेलेल्या. पण साडी विकत घेणारी बाई दुकानातून निघून सरळ दुर्पताच्या दारात येई, आणि त्यावर तिचं पोट चालत असे. चाळमालकाचा मुलगा हेमेंद्र सोबत दोन माणसं घेऊन आला, त्यांनी भिंतींना फीत लावून मापं घेतली, तेव्हाही तिने मान वर केली नव्हती. अशी मापं याआधीही घेतली गेली होती.

या खेपेला मात्र ते खरं निघालं. चाळ पडणार, खाली दुकानं आणि वर फ्लॅट होणार, जुन्या भाडेकरूंना बांधकाम झाल्यावर जागा मिळणार, तोवर ज्याने त्याने आपली सोय पाहायची, असं हेमेंद्रने सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं. माणसं कुरकुरली, भांडली आणि शेवटी पांगली. शेजारची निर्मलाबाई तिरोड्याला मुलाकडे गेली. कोणी भावाकडे, कोणी सासुरवाडीला. प्रत्येकाला जायला कुठलं ना कुठलं घर होतं.

दुर्पताला नव्हतं. तिचं माहेर नवेगाव बांधचं. लग्न होऊन तीन वर्षं झाली आणि नवरा टेकचंद सेंट्रिंगच्या कामाला रायपूरला गेला. आधी सणावाराला यायचा, मग फोनवर आला, मग तोही बंद झाला. त्याने तिकडे दुसरं घर मांडल्याचं गावच्याच एका माणसाने सांगितलं. सासरी म्हणाले, बाईतच काही कमी असेल, म्हणून गडी गेला. माहेरी भावजय काही बोलत नसे, फक्त जेवताना तिचं ताट सगळ्यात शेवटी वाढे. दुर्पताने मशीन उचलली आणि ती गोंदियाला आली. चाळीत तिची गोष्ट सर्वांना माहीत होती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे, हे खरं. पण ताप आला तर निर्मलाबाई पेज घेऊन येई, आणि कोणी तिला पुन्हा पुन्हा काही विचारत नसे.

आता विचारणं सुरू झालं. बाजाराच्या आसपासच खोली हवी होती, दूर गेली तर गिऱ्हाईक तुटलं असतं. ती गल्लीगल्लीतून फिरली. जिथे तिथे जुन्या घरांच्या जागी टाइल्स लावलेली तीन मजली घरं उभी राहिली होती. रस्त्यावरचे ओटे गेले होते, त्या जागी लोखंडी गेट आणि गेटवर कॅमेरे आले होते. घरमालक आधी खोली दाखवत, पंखा लावून दाखवत, मग विचारत, घरवाला काय करते? ती खरं सांगे. मग कोणाला अचानक आठवे की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. कोणी म्हणे, जवान पोरं आहेत घरात. एका म्हाताऱ्याने तर तिच्या तोंडावर गेट ओढून घेतलं.

शेवटी चंद्रकुमार नावाचा दलाल तिला म्हणाला, "देखो बाई, अकेली औरत को यहाँ कोई रूम नहीं देता. सांगायचं, घरवाला रायपूरले नोकरीवर आहे, सुट्टी भेटत नाही. रायपूर काही झूठ नाही ना?"

रायपूर खोटं नव्हतं. दुर्पताने पेटीच्या तळाशी ठेवलेलं मंगळसूत्र काढलं, चिंचेने घासलं आणि घातलं.

तिला खोली मिळाली. घर बाजारापासून दोन गल्ल्यांवर, मालकीण दुर्गेश्वरी. नवरा गुलाबचंद धान्याच्या दलालीत, मुलगी टीना लग्न होऊन बालाघाटला. दुर्गेश्वरी माणूस म्हणून वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी तिने चहा पाठवला, पाण्याची वेळ सांगितली, आणि नव्या भाडेकरणीचा नवरा कामावर दूर आहे म्हणून गुलाबचंदला वर जाताना खोकत जा असं बजावलं.

एक खोटं बोलून भागत नाही, हे दुर्पताला आठवडाभरात कळलं. टेकचंद आता राइस मिलमध्ये ऑपरेटर झाला होता. त्याला शेंगदाण्याची चटणी आवडत होती. तो स्वभावाने शांत होता. ज्या माणसाने तिला वाऱ्यावर सोडलं, त्याचे एकेक गुण तिला आपल्याच तोंडाने सांगावे लागत, आणि दुर्गेश्वरी ऐकून म्हणे, "नशिबवान आहेस माय. आमचे हे तर शेजारी बसूनबी बोलत नाही."

मग तो फोन का करत नाही, असा प्रश्न आला. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी दुर्पता मोबाइल कानाला लावून गॅलरीत उभी राहू लागली. पलीकडे कोणी नसे. सुरुवातीला ती उगाच हो, नाही, जेवली, असं म्हणे. पुढे पुढे तिला बोलायचं सुचू लागलं. फॉलची कामं कमी झाली, लोक तयार फॉल लावलेल्याच साड्या घेतात. चाळ पूर्ण पडली, त्या जागी मोठा खड्डा आहे. डाव्या डोळ्याला दोरा दिसत नाही. हे सगळं ती बंद फोनला सांगत असे, कारण दुसरं कोणाला सांगण्याची सोय राहिली नव्हती. जरा जवळीक झाली की माणूस घरचं विचारतं, म्हणून ती कोणाशी जवळीकच करत नव्हती. चाळीत ती सोडलेली बाई होती, पण एकटी नव्हती. इथे सौभाग्यवती होती आणि तिच्याइतकं एकटं त्या गल्लीत कोणी नव्हतं.

संक्रांतीला दुर्गेश्वरीने तिला हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी बोलावलं. बायकांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात वाण दिलं, नाव घ्यायचा आग्रह केला. दुर्पताने टेकचंदचं नाव घेतलं. सगळ्या हसल्या. समोरच्या घरातली विधवा सून तिच्या गॅलरीतून हे पाहत होती, तिला कोणी हाक मारली नव्हती. दुर्पताची तिच्याशी नजरानजर झाली आणि तिने मान खाली घातली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

होळी झाली, ऊन वाढलं. दुर्गेश्वरीने गच्चीवर कुरड्या घालायला काढल्या तेव्हा मदतीला दुर्पताला बोलावलं. दोघी चिकाने भरलेल्या हातांनी सोऱ्या फिरवत होत्या. गच्चीलगतची एक लहान खोली रिकामी होती. ती पाहायला काल एक मुलगी येऊन गेल्याचं दुर्गेश्वरीने सांगितलं. चिचगडकडची, गोंडाची पोर, इथल्या एका खाजगी दवाखान्यात कामाला. बोलायला चांगली, पण नवऱ्याला सोडून आलेली. तसं तिने स्वतःच सांगितलं, लाज ना शरम. आज ती पक्कं करायला यायची होती.

तेवढ्यात खाली गेट वाजलं. दुर्गेश्वरीने कठड्यावरून वाकून पाहिलं.

"तीच आली. माझे हात भरले आहेत, तूच सांगून ये बाई, खोली गेली म्हणून. अशा बायका घरात आल्या की गल्ली नावं ठेवते. तू घरंदाज आहेस, तुले समजते."

दुर्पताने हात धुतले आणि ती खाली उतरली. गेटबाहेर ती मुलगी, रीना, उभी होती. वीस-बावीस वर्षांची, खांद्याला पिशवी, उन्हाने चेहरा लाल झालेला. दुर्पताने गेट न उघडताच सांगितलं की खोली गेली.

"काल तर होती मावशी."

 रीनाने रस्त्याकडे पाहिलं, जणू तिथे दुसरं एखादं घर आहे का ते शोधत होती. दवाखान्यातल्या एका बाईच्या घरी ती रात्रीपुरती झोपत होती, आणि आता त्या बाईच्या नवऱ्याने उद्यापासून येऊ नको म्हटलं होतं. हे तिने रडगाणं न करता सांगितलं. मग पाणी मागितलं. दुर्पताने तांब्या आणून गजांमधून दिला. पोरीने उभ्याउभ्या घटाघटा पाणी पिऊन तांब्या परत केला.

"घरवाला नाही म्हणून ना मावशी? तो मारे तेव्हा कोणी विचारलं नाही, आता सारे विचारून राहिले. जाऊ द्या. तुमाले घरवाला आहे, तुमाले नाही समजणार."

ती वळली. दुर्पता रिकामा तांब्या घेऊन तिथेच उभी राहिली. म्हाताऱ्याने आपल्या तोंडावर ओढलेलं गेट तिला आठवलं, आणि आज गेटच्या आतल्या बाजूला आपण उभ्या आहोत हे ध्यानात आलं.  तिने कडी काढली.

"थांब पोरी. माझ्यासंगं वर चाल."

गच्चीवर दोघींना येताना पाहून दुर्गेश्वरीच्या कपाळाला आठी पडली.  पायऱ्या चढताना जुळवलेलं सगळं दुर्पता विसरली होती.

"भाभी, मलेबी नवरा नाही. सोळा वर्षं झाली, सोडून गेला. रायपूरले दुसरी बायको आहे त्याची. फोनवर कोणी नसते."

दुर्गेश्वरीच्या हातातून सोऱ्या सुटला नाही, पण फिरायचा थांबला. कुरडईची तार मध्येच तुटून चादरीवर पडली. ती बराच वेळ दुर्पताच्या तोंडाकडे पाहत होती, जणू हे तोंड तिने आजच पाहिलं.

"माझ्या घरात बसून एवढं खोटं बोलली तू? मले आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर खोली दिली असती काय तुम्ही?"

 दुर्गेश्वरीने पुन्हा सोऱ्यावर जोर दिला. थोड्या वेळाने, वर न पाहता, महिनाअखेर खोली रिकामी कर, एवढंच म्हणाली.

रीना त्या रात्री दुर्पताच्याच खोलीत झोपली, आणि पुढेही राहिली. कामावरून आली की दोघी खोली शोधायला निघत. दुर्पताने मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. दार उघडलं की ती पंखा, नळ काही पाहायच्या आधीच सांगून टाके, आम्हा दोघींनाबी नवरा नाही, चालत असेल तर खोली दाखवा. बहुतेकांना चालत नव्हतं. एकाने तर विचारलं की मग तुमच्यावर लक्ष कोण ठेवते. रीना हसली, दुर्पताला हसू आलं नाही. परत येताना तिचे पाय दुखत आणि मनात येई, गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण रीना रस्त्याने बोलत असे, दवाखान्यातल्या गमती सांगत असे, आणि हे बोलणं खरंखुरं, पलीकडून उत्तर येणारं होतं.

शेवटी एका पिठाच्या गिरणीवरची खोली मिळाली. गिरणीवाला बकाराम म्हणाला, दिवसभर आवाज राहते आणि कपड्यांवर पीठ बसते, चालेल काय? बाकी त्याने काही विचारलं नाही. खोली उन्हाने तापे, मोरी खाली होती. दुर्पताने होकार दिला.

जायच्या दिवशी गुलाबचंद बाहेर आलाच नाही. रीना भांडी घेऊन ऑटोत बसली. मशीन जड होती. दुर्पता ती पायरी-पायरीने उतरवत असताना दुर्गेश्वरी आली आणि तिने न बोलता दुसरी बाजू उचलली. गेटपर्यंत दोघींनी मशीन नेली, ऑटोत ठेवली. दुर्गेश्वरी पदराने हात पुसत तिथेच घुटमळली. मग घराकडे एकदा पाहून हळू आवाजात तिने विचारलं,

"एकटीनं राहायचं भेव नाही लागत काय वो?"

दुर्पता ऑटोत बसता बसता थांबली.

"लागते ना भाभी. पण तुमच्या घरी नवऱ्यासंगं राहून राहिली होती, तेव्हा जास्त लागे."

ऑटो निघाला आणि गल्लीच्या वळणाला दिसेनासा झाला. आतून गुलाबचंदने चहासाठी हाक मारली. मग दुसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात मारली. दुर्गेश्वरी गेटचा गज धरून रस्त्याकडे पाहत उभीच राहिली.