वाळूखाली गेलेला खेकडा

गोव्यात, मोरजीतल्या आमच्या खोलीत भाड्याने राहणारी रशियन बाई मायदेशी गेली आणि जाताना काचेच्या पेटीतला एक शंखातला खेकडा माझ्या गळ्यात मारून गेली. वाळू ओली ठेव, तो वाळूखाली गेला तर कात टाकतोय समज, उकरलास तर मरेल, असं तिने मोडक्यातोडक्या हिंदीत बजावलं. मी कपाळाला हात लावला. आमच्या घरात खेकडा येतो तो थेट पातेल्यात जातो!

पण बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याचं वेड लागलं. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली आहे, उजवी बाजू लुळी आहे. पेटी मी त्यांच्या खाटेशी ठेवली. खेकडा शंख ओढत खोबऱ्याच्या तुकड्याकडे निघाला की बाबा हसायचे. त्यांना हसवणं दुसऱ्या कुणालाच जमलं नव्हतं, मलाही नाही. म्हणून त्या टीचभर जिवाला मी जिवापाड जपू लागले.

श्रावणात तो वाळूखाली गेला. चवथीच्या आदल्या संध्याकाळी बाबांची बहीण, आनंदीआते, मदतीला आली. गणपतीवर टांगायच्या माटोळीला फळं बांधता बांधता तिने नाक मुरडलं.

"गे, ह्यात कायतरी मेलाहा. फाल्या गणपती येतलो नि घरात मडा ठेवतलंस?"

"जितो आसा तो, आते. कात टाकता."

"मगे वास कसलो?"

वास खरंच होता. खोबरं कुजलं असेल, पण छातीठोकपणे सांगता येईना. तेवढ्यात बाबा डाव्या हाताने खाट बडवू लागले.

"बघ, तो पण सांगता, काढ म्हणान."

मलाही तसंच वाटलं. गणपतीच्या घरात मेलेलं जनावर त्यांना तरी कसं चालेल? मी बाजूला झाले आणि आतेने पळीने वाळू उकरली.

आधी काळं पडलेलं खोबरं आलं. मग तो आला. शंखाबाहेर, गुलाबी, लिबलिबीत. पाय हलत होते. बाबांच्या घशातून हंबरल्यासारखा आवाज निघाला. ते मघापासून नको म्हणत होते. मेलं मला कळलंच नाही!

"पुर गे परत, पुर!" आते रडकुंडीला आली.

मी त्या बाईला फोन लावला. शंख जवळ ठेव, अंधार कर, हात लावू नकोस, बाकी आपल्या हातात काही नाही, असं ती म्हणाली.

शंख ठेवला. तो आत जाईना. उचलून घालावा तर बोटांनीच फाटेल. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो.

बाबा अंगावरची चादर ओढत होते. पुन्हा चुकीचं समजू नये म्हणून मी त्यांचे डोळे नीट पाहिले. अंधार करायला चादर त्यांना पेटीवर घालायची होती, पण हात पोचत नव्हता. मी ती पेटीवर पांघरली. खेकड्याचे पाय हलायचे थांबले होते, ते मी त्यांना सांगितलं नाही.