एकाच टायरची थंडी

डिसेंबरभर दर रविवारी मी आणि बाबा शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आमची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मुद्दाम बर्फात रुतवायचो आणि बाहेर काढायचो! रुतली की ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करायचं, नाहीतर चाक घसरलं की ते कंट्रोल इंजिनचा जोरच काढून घेतं. मग हळूच पुढे, हळूच मागे. सुटली की बटण पुन्हा चालू.

"चारही चाकं ओढतात म्हणून माजायचं नाही," बाबा म्हणायचा. "थांबताना हीसुद्धा घसरते." आणि मग, "मस्त चालवतेस, आसावरी!"

लायसन्स आलं तेव्हा त्यानं स्वतः जाहीर केलं की मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या प्रॅक्टिसला गाडी मी एकटी नेणार, माझ्या मैत्रिणीला, रेणूला, पिकअपही मीच करणार. मी अख्ख्या ॲन आर्बर गावाला सांगितलं!

शनिवारी सकाळी बर्फ भुरभुरत होता. गॅरेजमध्ये किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. टायरमध्ये हवा कमी.

"थंडीनं उतरते हवा," बाबा दारातूनच म्हणाला. "राहू दे आज."

राहू दे? मी हवा मोजायचं गेज घेऊन खाली बसले. तीन टायर बत्तीसच्या आसपास. मागचा डावा अठरा.

"बाबा, थंडी एकट्या यालाच वाजली?"

"मग पंक्चर असेल."

मी छोटा कॉम्प्रेसर लावून हवा भरली, साबणाचं पाणी शिंपडलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. म्हणजे पंक्चर नाहीच. हे सगळं त्यानंच शिकवलेलं, यार!

तेवढ्यात बाहेर हॉर्न. रेणूची आई, शैलजा मावशी, व्हॅन घेऊन हजर.

"चल गं, बस पटकन! बाबांनी काल दुपारीच फोन केला, टायर बसलाय म्हणून. बरंच झालं बाई, अशा हवेत तुम्ही पोरी एकट्या!"

काल दुपारी? काल संध्याकाळी तर मी लायब्ररीतून गाडी चालवत आणली. दिवाबिवा काही नव्हता.

मी व्हॅनमध्ये बसलेल्या रेणूकडे बघितलं. ती बुटांकडे बघत म्हणाली, "सॉरी यार. काका म्हणाले, सांगू नको."

"हवा तू सोडलीस," मी बाबाला म्हणाले.

"वेदर बघितलं आणि... तू इतकी खूश होतीस. नाही कसं म्हणू कळेना, बाळा."

"'नाही' म्हणायचं! मी भांडले असते, दार आपटलं असतं, रडले असते. झालं!"

त्यानं गाडीतली किल्ली काढून पुढे केली. "जा. ने गाडी. तू नीट चालवशील, खरंच."

"हेपण तूच सांगतोयस. पंक्चर असेल, हेपण तूच सांगितलं होतंस."

त्याचा हात तसाच पुढे राहिला. मी व्हॅनचं दार सरकवलं, आणि रेणूनं शेजारची बॅग उचलून जागा केली तरी पार मागच्या सीटवर जाऊन बसले.